ऐंशी पैशांची हार

पत्ते पिसायला घेण्याआधी सिल्वासात एक प्रश्न हमखास निघायचा, "आज काय खेळायचं?" पिसणाऱ्याला त्याचं उत्तर द्यायचा अधिकार नसे. चटईवर कोण येऊन बसलंय, महिन्याची कितवी तारीख आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची रात्रपाळी बंद झालीय, हे एका नजरेत जोखून एखादा वडीलधारा सांगायचा, "रमी. पैसा पॉइंट." विषय संपला. खेळ ठरला की त्याबरोबर कुणाला जास्तीत जास्त किती फटका बसू शकतो तेही ठरून जायचं. आजची पोकर खेळणारी मुलं ज्याला बँकरोल मॅनेजमेंट, म्हणजे खेळासाठी बाजूला काढलेल्या पैशांचं नियोजन, म्हणतात, त्याचा अर्धा भाग त्या एका वाक्यात उरकलेला असे.

मी सांगतो आहे तो काळ ऐंशीच्या दशकातला. सिल्वासा ज्या मुलखात आहे ती दादरा-नगर हवेली 2 ऑगस्ट 1954 ला पोर्तुगीजांच्या हातून सुटली, 1961 च्या ऑगस्टमध्ये भारतात विलीन झाली, आणि पुढे करसवलतींमुळे इथे कारखाने येऊ लागले. सूत, प्लास्टिक, तारा, पत्रा. वारली, कोकणा, धोडिया यांच्या या मुलखात खानदेशातून, कोकणातून, उत्तर प्रदेशातून माणसं कामाला आली. सिल्वासातून किलवणी गावाकडे रस्ता फुटतो तो किलवणी नाका. त्या बाजूच्या खोल्यांमधून चार-चार, पाच-पाच जण भाड्याने राहायचे. घरच्यांना गावी मनिऑर्डर जायची. संध्याकाळी करायला दुसरं काही नसे. पत्ते होते.

पैसा पॉइंट रमीचं गणित आज कुणाला सांगितलं तर हसू येईल, पण ते नीट बघण्यासारखं आहे. तेरा पत्त्यांच्या रमीत एका डावात माणूस जास्तीत जास्त ऐंशी गुण हरतो. पहिल्याच फेरीत पत्ते टाकून दिले तर वीस, मधे टाकले तर चाळीस. म्हणजे पैसा पॉइंटला कितीही भिकार पत्ते आले, कितीही चुकीचं खेळलं, तरी एका डावाची हार ऐंशी पैसे. पाच पैसे पॉइंट असेल तर चार रुपये. दोन तासांत डाव फार तर वीस-बावीस व्हायचे, कारण पिसणं, वाटणं, लावणं, "थांब रे, जोकर कुठला?" यात वेळ जायचा. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाच्या नावाखाली गुण लिहिले जात आणि हिशेब शेवटी एकदाच व्हायचा.

पगार जवळ आला, म्हणजे सगळ्यांचे खिसे कोरडे असले, की पूल लागायचा. एकशे एकची रमी. प्रत्येकाने सुरुवातीला ठरलेली रक्कम मधे ठेवायची, ज्याचे गुण एकशे एकवर गेले तो बाद, शेवटी उरेल तो सगळं घेणार. यात हरणाऱ्याचं नुकसान खेळ सुरू होण्याआधीच ठरलेलं. दोन रुपये टाकलेत, दोन रुपये जातील. पोकरमध्ये याला टूर्नामेंट म्हणतात आणि पॉइंटवाल्या रमीच्या जातीचा जो खेळ, त्याला कॅश गेम. शब्द नवे आहेत, विचार आमच्या चटईवर होता.

तीन पत्तीचा मान वेगळा. ती दिवाळीच्या पाडव्याला, आणि आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे श्रावणातल्या सातम-आठमला. कार्तिकातल्या त्या प्रतिपदेला शास्त्रकारांनी द्यूताची मुभाच दिलेली आहे. पण तीन पत्तीला रमीसारखा ऐंशीचा अडसर नाही, चाल वाढत जाते, ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता खेळणारा, सीन, म्हणजे बघून खेळणाऱ्याला, ओढत नेतो, आणि सणाच्या दिवशी घरात बोनस आलेला असतो. म्हणून त्या रात्री डबा निघायचा.

डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र घासून गेलेलं. त्यात भाजून फोडलेले नव्हे तर अख्खे, काळेभोर, गुळगुळीत चिंचोके. एक चिंचोका म्हणजे चार आणे. आमच्या चाळीतले एक काका, ज्यांना सगळे काकाच म्हणत, ते प्रत्येकाकडून रोख घेऊन मोजून चिंचोके द्यायचे आणि रोकड रुमालात बांधून आत काकूंकडे नेऊन द्यायचे. सगळ्यांना सारखेच चिंचोके, मग तो सुपरवायझर असो की हेल्पर. संपले की संपले. दुसऱ्यांदा डब्याचं झाकण उघडायचं नाही. एका वर्षी एका तापट माणसाने घड्याळ काढून पुढे ठेवलं. काकांनी ते उचललं, त्याच्याच मनगटाला परत बांधलं आणि म्हणाले, "बस आता माझ्या शेजारी आणि माझे पत्ते बघ." तो बसला. पहाटेपर्यंत त्यांना चाल सुचवत होता.

हे सांगताना मला त्या काळावर गुलाल उधळायचा नाही. त्याच सिल्वासात, शेजारच्या वापीत तिर्रटचे अड्डे होते. अड्डा चालवणारा प्रत्येक डावामागे नाल, म्हणजे स्वतःचा वाटा, काढायचा, उधार द्यायचा, आणि पगाराच्या रात्री तिथे गेलेला माणूस रिकामा परत यायचा. त्या घरांमधल्या बायकांनी काय सोसलं ते आम्ही मुलांनी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. घरच्या डावात नाल नव्हती, हा फार मोठा फरक. जिथे नाल निघते तिथे टेबलावरचा पैसा तासातासाला कमी होत जातो, आणि सगळे सारखेच हुशार असले तर शेवटी सगळेच हरतात.

मुंबईला जाताना फ्लाइंग राणीत वापीला चढलं की पासवाल्यांचा डाव आधीच रंगलेला दिसायचा. गुडघ्यांवर वर्तमानपत्र ताणून त्यावर पत्ते. त्या गाडीला 1979 च्या डिसेंबरात दुमजली डबे लागले आणि 2023 च्या जुलैत ते निघाले. खालच्या मजल्यावरची ती मंडळी वर्षानुवर्षं त्याच चौघांशी खेळायची. चाळीतल्या डावासारखीच त्या डावालाही एक सीमा होती. दादर आलं की पत्ते खिशात.

नंतर फोन आला. 2015 च्या आगेमागे पोकरची भारतीय ॲप्स दिसू लागली आणि पाचेक वर्षांत, विशेषतः टाळेबंदीत, ती किलवणी नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली. माझा भाचा इंजिनियर, एका कारखान्यात देखभाल विभागात. तो हे शिकला आणि त्याने मला शिकवलं. मला त्याचं कौतुक वाटलं हे मी मोकळेपणाने सांगतो. आम्ही ज्याला "पत्ता फिरला" म्हणून सोडून द्यायचो, ते त्याने आकड्यांत बसवलं होतं.

"मामा, दोन एक्के हातात असले आणि समोरच्याकडे दोन राजे, तरी पाच-सहा वेळांतून एकदा मी हरणार," तो म्हणाला. "ते चुकलं म्हणून नाही. तेवढं हरायचंच असतं."

त्याने वहीत मांडून दाखवलेला हिशेब असा. होल्डेम या पोकरच्या प्रकाराचा कॅश गेम. टेबलावर साधारण शंभर बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायची ठरलेली रक्कम) घेऊन बसायचं, हा एक बाय-इन. चांगला खेळाडू शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावतो असं धरा. पण त्याच शंभर डावांतला चढउतार, म्हणजे गणितातलं प्रमाण विचलन, नव्वदच्या घरात असतो. दहा हजार डाव खेळल्यावर कमाई अपेक्षित पाचशे, आणि चढउतार नऊशे. म्हणजे खरोखर चांगला खेळणारा माणूस दहा हजार डावांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता शेकडा एकोणतीसच्या आसपास. लाख डाव खेळला तर ती शेकडा चारवर येते. याला ही मुलं व्हेरियन्स म्हणतात.

मी विचारलं, मग या चढउतारात टिकायला किती पैसे बाजूला हवेत? त्यानेच सूत्र मांडलं. वीस बाय-इन घेऊन बसला तर हा चांगला खेळाडू कधी ना कधी कफल्लक होण्याची शक्यता शेकडा साडेआठ. तीस बाय-इनला अडीच. चाळीसला एक टक्क्याहून कमी. आणि ज्याची सरासरी कमाई शून्य किंवा उणे आहे, म्हणजे टेबलावरचे बहुतेक, त्याला कितीही बँकरोल पुरत नाही, फक्त संपायला वेळ जास्त लागतो.

फॉर्मॅट बदलला की हे सगळं बदलतं, आणि इथेच माझ्या मते खरी मेख आहे. ओमाहा या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात हातात चार पत्ते येतात, त्यातले दोन वापरायचे. हातांमधलं अंतर कमी होतं, कुणीच फार पुढे नसतो, म्हणून रंगत जास्त. चढउतार शंभर डावांमागे एकशे चाळीसच्या पुढे जातो. तोच खेळाडू, तीच सरासरी पाचाची कमाई, तेच वीस बाय-इन, आणि बुडण्याची शक्यता साडेआठवरून थेट छत्तीस टक्के. मोठ्या टूर्नामेंटमध्ये साधारण दहा-पंधरा टक्के लोकांनाच बक्षीस मिळतं आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या तिघा-चौघांना, त्यामुळे जाणकार तिथे शंभर-दोनशे बाय-इनची तयारी सांगतात. टर्बो, म्हणजे ब्लाइंड झटपट वाढणारी टूर्नामेंट, यात विचाराला जागा कमी आणि नशिबाला जास्त. रीएंट्रीवाली असेल तर बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून आत. डब्याचं झाकण दुसऱ्यांदा उघडतं ते असं.

अमेरिकेचा क्रिस फर्ग्युसन, 2000 सालचा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा विजेता, त्याने 2006 मध्ये एक प्रयोग केला होता. खात्यात शून्य, फुकटच्या टूर्नामेंटमधून सुरुवात, आणि नियम तीन : कॅश गेमला बँकरोलच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, टूर्नामेंटला दोन टक्क्यांहून जास्त भरायचं नाही, टेबलावरची रक्कम बँकरोलच्या दहा टक्क्यांवर गेली की उठायचं. सुमारे दीड वर्षात तो दहा हजार डॉलरवर पोचला. जगज्जेता माणूस, आणि दहा हजाराला दीड वर्ष. भाच्याच्या भिंतीवर हे तीन नियम चिकटवलेले होते.

तरी त्याचं काय झालं? दोन वर्षं तो होल्डेम नियमाने खेळला, वेगळं बँक खातं काढून. मग मित्रांच्या टेबलावर ओमाहा सुरू झाला. त्याला तिथली खेळाडू मंडळी कच्ची वाटली, आणि ती कच्ची होतीही. पैसे तेवढेच राहिले, खेळ बदलला. पावसाळ्याच्या एका महिन्यात खातं रिकामं झालं. तो वाईट खेळला नव्हता, छत्तीस टक्क्यांच्या बाजूला पडला. घरखर्चाला त्याने हात लावला नाही, म्हणून ती गोष्ट तिथे संपली. त्याच्याच खोलीतल्या एका मुलाने मात्र फोनवरच कर्ज काढून हरलेले पैसे वसूल करायला घेतले, आणि पुढे त्याच्या वडिलांना गावची जमीन गहाण ठेवावी लागली. त्या मुलाच्या आसपास कुणी काका नव्हते, त्याच्या मनगटाला घड्याळ परत बांधायला.

चाळीतला डाव आणि फोनवरचा डाव यांतला सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर तो वेगाचा आहे. समोरासमोर बसून पोकर खेळलं तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. फोनवर एका टेबलाला साठ-सत्तर व्हायचे, आणि चार टेबलं एकदम उघडता यायची. दहा हजार डाव प्रत्यक्षात खेळायला चारशे तास लागले असते, ते चार टेबलांवर चाळीस तासांत व्हायचे. आमच्या चाळीतल्या माणसाला आपण खरोखर चांगले खेळतो की नाही हे सिद्ध करण्याइतके डाव जन्मात मिळत नसत. त्यामुळे कुणी स्वतःला जिंकणारा मानत नसे, आणि हरणाराही लवकर बुडत नसे. फोनवर आठवड्याभरात नशिबाचा एवढा मोठा झोका यायचा की विशीतल्या पोराला तो स्वतःचा गुण वाटायचा. जिंकताना वाटणारी ती खात्री हरण्यापेक्षा घातक.

खात्री आणि मर्यादा यांची ही गोष्ट महाभारतात फार नीट आली आहे. युधिष्ठिराने खेळ निवडला नाही, टेबल निवडलं नाही, पणाला मर्यादा ठेवली नाही. वनवासात त्याला बृहदश्व ऋषी नळाची गोष्ट सांगतात. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडावरची पानं आणि फळं एका नजरेत मोजून सांगतो, नळ रथ थांबवून ती मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात नळ ती अक्षविद्या घेतो. जुन्या काळचे फासे बेहड्याच्या फळांचेच असत. खानवेलकडच्या जंगलात ही झाडं आजही आहेत. मोजणी आली, आणि मगच नळ पुष्कराशी पुन्हा खेळला, तेही एकाच पणावर. जिंकल्यावर थांबला. पुष्कराला त्याच्या वाट्याचं राज्य परत दिलं.

कायद्याने या खेळांकडे कसं पाहिलं तेही बदलत गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. पत्ते लक्षात ठेवावे लागतात, लावावे लागतात. शेजारच्या गुजरातेत उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरच्या बाबतीत उलट निकाल दिला. पुढे 2023 च्या एप्रिलपासून ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के टीडीएस, ऑक्टोबरपासून भरलेल्या पैशांवर अठ्ठावीस टक्के जीएसटी. शंभर डावांमागे पाचाची कमाई म्हणजे किती बारीक धार, आणि त्यातून नाल आणि कर दोन्ही जाणार. मग 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही होऊन नवा कायदा आला, आणि पैशांवर चालणारे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. पोकरबाझी, अड्डा52 यांची पैशांची टेबलं त्याच महिन्यात थांबली. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंवर टेबलं चालू आहेत, पण किलवणी नाक्यावरचा मुलगा रोज तिथे जात नाही.

मला हा कायदा योग्य वाटतो. ज्यांनी हा खेळ अभ्यास म्हणून घेतला त्यांच्यावर थोडा अन्याय झाला, हेही मान्य आहे. भारतीयांनी या खेळात जगात नाव काढलं आहे. निकिता लूथरने 2018 मध्ये वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट आणलं, संतोष सुवर्णाने 2024 मध्ये अडीच लाख डॉलर प्रवेश फीची टूर्नामेंट जिंकली. पण एका सुवर्णामागे किती खोल्यांमध्ये कर्जाचे हप्ते आले, याचा विचार केल्याशिवाय बोलणं बरोबर नाही.

काळजी मला वेगळीच वाटते. टेबल बंद झालं, सवय बंद झाली नाही. नाक्यावर आता निफ्टीच्या ऑप्शन्सच्या गप्पा ऐकू येतात. गुरुवार की मंगळवार, एक्स्पायरी कुठली, प्रीमियम कितीचा. सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी त्र्याण्णव तोट्यात होते, आणि त्यांचा एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटी रुपयांच्या वर होता. भाच्याच्या खोलीतली जी मुलं पोकरमध्ये निदान बाय-इन मोजायची, ती इथे तेही मोजत नाहीत, कारण याला कुणी जुगार म्हणत नाही. मी भाच्याला विचारलं, इथे ऐंशी पैशांचा अडसर कुठे आहे? त्याने बराच विचार केला आणि मग स्वतःचं ऑप्शन्सचं खातं बंद केलं.

या दिवाळीत पाडव्याला घरात पत्ते काढा. चिंचोके घ्या, नसतील तर काड्यापेटीतल्या काड्या. विशीतल्या मुलांना शेजारी बसवा आणि त्यांच्याकडून व्हेरियन्स समजून घ्या, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना मात्र डब्याचा नियम तुम्ही शिकवा : खेळ कोणता ते आधी, किती हरायचं ते त्याच्याबरोबर, आणि झाकण एकदाच उघडायचं. घरातलं कुणी आधीच कर्जात असेल तर त्याला रागवू नका, त्याच्याबरोबर बसून सगळे आकडे कागदावर उतरवा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.